‘आमसुली’ची नोंद कोणत्या रंगात करावी?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, घरातील रंगीत छायाचित्रांचा संग्रह रंगावरून शोधता यावा म्हणून ते प्रत्येक चित्राला शब्द जोडत आहेत. त्यात आजीच्या आमसुली लुगड्याची नोंद ‘लाल’मध्ये करावी की ‘जांभळ्या’त, आणि ‘आमसुली’ हा शब्द प्रमाण मराठीत चालेल का?

शब्द निःसंशय चालेल. ‘अंजीर’वरून ‘अंजिरी’ होते तसे ‘आमसूल’वरून ‘आमसुली’. त्यातला ‘सु’ ऱ्हस्व लिहावा, एवढेच.

लाल की जांभळा, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नोंद ‘आमसुली’ अशीच स्वतंत्र ठेवावी. मे महिन्यात खळ्यात वाळत घातलेली सोले, म्हणजेच आमसुले, आठवून पाहावीत. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल पहिल्या दिवशी लाल असते आणि रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की ती काळपटपणाकडे झुकते. ‘आमसुली’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे असते ती ही वाळलेली, किंचित जांभळी झाक असलेली साल. त्याच फळाच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, नारळाचा रस मिसळल्यावर सोलकढीला येणाऱ्या गुलाबी रंगाला आपण आमसुली म्हणत नाही. संगणक चित्रातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सामान्यतः लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ या मापातील तीन आकड्यांनी साठवतो. केवळ त्या आकड्यांवरून शोध घेतला, तर पावसात भिजलेला जांभ्याचा चिरा आणि आजीचे लुगडे एकाच रांगेत येऊ शकतात. त्यांना वेगळे करण्याचे काम शब्दाने करायचे आहे.

शोधाच्या दृष्टीने या शब्दाची आणखी एक सोय आहे, ती म्हणजे तो लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: आमसुली शालू, आमसुली साडी, आमसुली लुगडी. ‘तांबडा’ मात्र तांबडी, तांबडे, तांबड्या अशी रूपे घेतो, आणि नुसती अक्षरे जुळवणाऱ्या शोधात ‘तांबडा’ लिहिल्यास ‘तांबडी माती’ सापडणार नाही. म्हणून अशा शब्दांचे एकच रूप ठरवून सर्व नोंदींत तेच वापरावे. ‘अबोली’ची अडचण वेगळी आहे. वेणीतले फूलही अबोली आणि पातळाचा रंगही अबोली, तेव्हा तेथे ‘अबोली फूल’ आणि ‘अबोली रंग’ अशा दोन नोंदी कराव्यात.

रंगाच्या शब्दाने दर वेळी रंगच सांगितला जातो असेही नाही. देशावर ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावाची वस्ती. आपल्या तांबड्या मातीच्या मुलखातील चित्रांना हे शब्द त्या अर्थाने जोडू नयेत. याउलट पहाटेच्या चित्राखाली ‘तांबडं फुटलं’ हा वाक्प्रचार पूर्ण लिहावा, मग त्या क्षणी वेंगुर्ल्याच्या बंदरावरचे आभाळ प्रत्यक्षात केशरी दिसत असले तरी चालेल.