कॅमेऱ्यात फोटो कधी पांढराफटक, कधी काळाकुट्ट येतो, उजेड कंट्रोल कसा करायचा?

भावा, तू लिहिलंयस की डीएसएलआर नवीन आहे, संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर ऑटोवर फोटो काढतोस, आकाश नीट आलं की दोस्त काळा पडतो आणि दोस्त नीट आला की आकाश गायब, आणि सगळे सांगतात मॅन्युअल, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः लावायला, शीक. शीक की, पण लगेच नको. मॅन्युअलवर टाकूनसुद्धा मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राचा, काटा मधोमध आणत बसलास तर फोटो ऑटोसारखाच येणार, बोटांना काम तेवढं वाढलं.

मीटरला समोर म्हैस आहे का पांढरं धोतर हे कळत नाही ओ. किती उजेड परत येतोय एवढंच त्याला कळतं आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं, असं धरून तो हिशोब लावतो. नवीन कॅमेरे चेहरा वगैरे ओळखतात, पण मूळ सवय तीच.

खरं वाटत नसेल तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. मालकाला विचार, फ्लॅश अजिबात मारू नको, म्हैस बुजली की पान्हा चोरते आणि मग तुझं काही खरं नाही. मोड ए किंवा एव्ही ठेव, म्हणजे लेन्सचं भोक तू ठरवायचं आणि बाकी उजेडाचा हिशोब कॅमेरा लावतो, आणि फ्रेमभर म्हैस घेऊन एक फोटो काढ. ती करडी, धुरकट दिसंल, कातडीवरची चमक उडालेली. आता प्लस-मायनसचं बटण दाबून मायनस १ कर, परत काढ. काळी म्हैस काळी आली बघ, पाठीवरच्या ओल्या केसांची रेघ न् रेघ दिसते. दुधाच्या फेसाचा जवळून काढलास तर उलटं, प्लस १ लागतंय. माझ्या मते सुरुवातीला हे एक बटण हाताला बसलं की निम्मं काम झालं.

आता रंकाळा. चौपाटीवर तलावाकडं पाठ करून दोस्त उभा केलास की सूर्य त्याच्या मागं, आकाश आणि चेहरा यांच्यातला फरक एवढा मोठा की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत, कुठलंही सेटिंग लाव. एकतर त्याला फिरव, तोंडावर ऊन घे, नाहीतर फ्लॅश थोडा मार, नाहीतर मीटर आकाशावर धरून लॉक कर आणि दोस्त सावलीसारखा काळा येऊ दे, ते पण भारी दिसतंय. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल ठेवून काढ, काळ्यातलं बरंच नंतर वर काढता येतं, पांढरं जळालं की तिथं काहीच उरत नाही. गुऱ्हाळात काहिलीच्या वाफेला हेच होतं, शेड अंधारी म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि वाफेचा नुसता पांढरा ठिपका येतो, तिथं मायनस करायचं.

बाकी तीन बटणांचं गणित सोपं. अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ४, ५.६, ८ असं पुढं गेलं की दरवेळी उजेड निम्मा, शटर, म्हणजे किती सेकंद उजेड आत घ्यायचा ते, १/२५० वरनं १/१२५ केलं की दुप्पट, आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते, १०० चा २०० केला की फोटो तसाच दुप्पट उजळ. म्हणून १/२५० ला ५.६ आणि १/१२५ ला ८, दोन्हीकडं उजेड सारखाच, पहिल्यात हालचाल थांबते, दुसऱ्यात मागंपुढं जास्त शार्प येतं.

मॅन्युअल खरं लागतं तालमीत. उजेड तोच, पण पैलवान कधी अंधाऱ्या कोपऱ्यापुढं, कधी खिडकीपुढं, आणि ऑटो दर फोटोला मत बदलतो. एकदा सेट कर आणि हात लावू नको. डाव पकडायला शटर १/५०० तरी पाहिजे, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर एफ ५.६ (अपर्चर) ला आयएसओ ३२०० लागला तर लागू दे, दाणे आलेले चालतात, हललेला पैलवान नाही चालत. पैसे घालायचेच असतील तर बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, बदलू नको, ५० एमएम १.८ ची लेन्स घे, ५.६ पेक्षा तीन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर उजेड जास्त मिळतो, म्हणजे त्याच ३२०० च्या जागी ३२० वर काम होतंय.