जूनमधली तारीख ही तारीख नव्हेच

या अंकासाठी आलेले प्रश्न वेगवेगळ्या गावांचे असले, तरी तक्रार एकच आहे: टीव्हीसाठी फुटबॉल सामन्यांचे दिवस आणि वेळा हलवल्या जातात आणि फटका बसतो तो मैदानावर जाणाऱ्याला. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

एप्रिलमध्ये मुलाला घेऊन इंग्लंडला प्रीमियर लीगचा एक सामना पाहायला जायचंय. यादीत शनिवार, दुपारी तीन असं दिसतं. शुक्रवारी पोहोचून रविवारी रात्री परत निघायचा बेत आहे. विमानाची तिकिटं आत्ताच काढावीत का? (पुणे)

काढू नका. जूनच्या मध्याला जाहीर होणारी यादी हा कच्चा आराखडा असतो. शनिवार-रविवारच्या फेरीतला जवळजवळ प्रत्येक सामना त्यात शनिवारी दुपारी तीनला टाकलेला असतो. मग वाहिन्या आपल्याला हवे ते सामने उचलतात, पोलीस आणि स्थानिक सुरक्षा सल्लागार गट आपलं म्हणणं मांडतात आणि त्यानंतर खरी वेळ ठरते. ही घोषणा साधारण पाच-सहा आठवडे आधी होते. मोसमाच्या शेवटच्या फेऱ्यांना तर त्याहूनही कमी अवधी मिळतो.

म्हणून यादीत दिसतो तो ‘शनिवार’ न वाचता ‘त्या आठवड्याची अखेर’ असं वाचायचं. सामना शुक्रवारी रात्री आठपासून सोमवारी रात्री आठपर्यंत कुठेही जाऊ शकतो. घोषणेआधीच बेत पक्का करायचा असेल, तर गुरुवारी संध्याकाळी पोहोचून मंगळवारी निघा. पाच रात्री होतात. तीन रात्रींचा खर्च वाढतो खरा, पण सामना सोमवारी गेल्याचं कळल्यावर विमानाचं तिकीट बदलण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

अंदाज बांधायला युरोपीय स्पर्धांचं वेळापत्रक कामी येतं. दोन्हींपैकी एक संघ गुरुवारी युरोपा किंवा कॉन्फरन्स लीग खेळणार असेल, तर तुमचा सामना बहुधा रविवारी. मंगळवारी चॅम्पियन्स लीग असेल, तर आदल्या सोमवारची शक्यता संपलीच, शनिवार धरा. दोघंही युरोपात नसतील, तर शुक्रवार-सोमवारचा धोका वाढतो. एप्रिलची अडचण अशी, की कोण बाद झालं आणि कोण टिकलं हे मार्चपर्यंत कळत नाही. त्यात एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे उपांत्य सामने वेम्बलीला याच महिन्यात होतात. तिथे पोहोचलेल्या संघाचा त्या आठवड्याचा लीग सामना सरळ मधल्या वारी जातो. लीग कपच्या अंतिम सामन्याच्या वेळीही हेच होतं. त्यामुळे ही दोन टोकं टाळून सामना निवडा.

आता खरेदीचा क्रम. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. साधा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा असल्यामुळे सामना दोन दिवस इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. व्हिसाचं काम सर्वांत आधी उरका. नंतर सामन्याचं तिकीट. ते क्लबचं सदस्यत्व घेऊन क्लबकडूनच घ्या, कारण इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि दलालाचं तिकीट गेटवर रद्द निघालं तर दाद कुणाकडेच मागता येत नाही. वेळ बदलली तरी क्लबचं तिकीट नव्या वेळेला चालतं. जमणार नसेल तर परतावा कधीपर्यंत मागायचा, याची मुदत क्लबच्या अटींत असते. ती तारीख डायरीत लिहून ठेवा. हॉटेल विनामूल्य रद्द करता येणारंच घ्या. विमान घोषणेनंतर, किंवा आधी घेतलंच तर तारीख बदलता येणाऱ्या भाड्याचं. प्रवासविम्यावर विसंबू नका. सामन्याची वेळ बदलली म्हणून झालेलं नुकसान साधारणपणे त्यात बसत नाही.

सगळ्यांत पक्की तारीख हवी असेल, तर मोसमाचा शेवटचा रविवार. दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात आणि तो दिवस सहसा हलत नाही. तिकीट मात्र त्याच दिवसाचं सर्वांत दुर्मीळ.

मुलगा न्यूकॅसलला शिकतो आणि संघाबरोबर बाहेरगावच्या सामन्यांनाही जातो. रेल्वेचं तिकीट दोनदा वाया गेलं. काय चुकतंय? (सांगली)

तो बहुधा ‘ॲडव्हान्स’ प्रकारचं तिकीट घेतोय. ते स्वस्त असतं, पण ठरावीक गाडीला बांधलेलं. परतावा मिळत नाही. गाडी सुटण्यापूर्वी बदलता येतं, पण शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. टीव्हीची घोषणा झाल्याशिवाय हे तिकीट घ्यायचंच नाही, हा पहिला नियम. आधी घ्यायचंच असेल, तर ‘ऑफ-पीक’ परतीचं घ्यावं. महाग, पण गाडी बदलायची मोकळीक देतं.

दुसरी गोष्ट परतीची. गणित साधं आहे: पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मधले पंधरा, वाढीव वेळ धरून सामना सुरू झाल्यापासून एक तास पंचावन्न मिनिटं. त्यात मैदानाबाहेर पडून स्टेशनवर पोहोचायला पाऊण तास. ब्रायटनला शनिवारी साडेपाचचा सामना म्हणजे शिट्टी ७.२५ ला, फामर स्टेशनची रांग, लंडन गाठायला तास-सव्वा तास, मग शहर ओलांडून किंग्ज क्रॉस. तोवर रात्रीचे साडेनऊ-दहा. शनिवारी उत्तरेकडे जाणाऱ्या शेवटच्या थेट गाड्या लवकर सुटतात आणि रविवारी रुळांच्या कामामुळे मार्गच बदललेला असू शकतो. सोमवारी रात्री आठच्या सामन्यानंतर तर रेल्वेचा विचारही करू नये. अशा वेळी समर्थक संघटनांच्या बस असतात. त्या मैदानाबाहेरून सुटतात आणि पहाटे घरी पोहोचवतात. विद्यार्थ्याला तेच परवडतं. बाहेरगावच्या चाहत्यांसाठीचं तिकीट प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून ३० पौंडांच्या वर जात नाही, पण वेळ बदलली की प्रवासावर त्याच्या कितीतरी पट जातात.

आम्ही दर आठवड्याला एका हॉटेलात मोठ्या पडद्यावर सामने दाखवतो. ऑक्टोबरनंतर वेळा चुकतात, लोक तासभर आधी येऊन बसतात. (ठाणे)

ब्रिटनमधलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. आपलं जागचं हलत नाही. उन्हाळी वेळेत भारत साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. शनिवारचा दुपारी साडेबाराचा सामना इथे पाचला दिसायचा तो सहाला, तीनचा साडेसातऐवजी साडेआठला, साडेपाचचा दहाऐवजी अकराला. रविवारी दोनचा साडेसहावरून साडेसातला, साडेचारचा नऊवरून दहाला.

सोमवार आणि शुक्रवारची गंमत वेगळी. तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथे साडेबारा, हिवाळ्यात दीड. तारीख उलटलेली असते. सोमवारच्या सामन्यासाठी सोमवारी रजा घेऊन मंगळवारी डोळे चोळत कामावर जाणारे दरवर्षी सापडतात. रजा मंगळवारची घ्यायची असते. शिवाय दीड वाजता बहुतेक हॉटेलांची शटरं खाली असतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च सोमवारचे सामने तुमच्या यादीतून वगळाच.

फोनच्या कॅलेंडरमध्ये वेळापत्रकाची फाइल उतरवून घेतली, तर ती त्या दिवशीची असते, पुढचे बदल त्यात येत नाहीत. क्लबच्या किंवा लीगच्या संकेतस्थळावर कॅलेंडरला ‘सबस्क्राइब’ करण्याची सोय असते, ती घ्या, म्हणजे बदल आपोआप येतात. हाताने नोंद करत असाल, तर वेळक्षेत्र लंडनचं निवडा. भारतीय वेळ टाकली की ऑक्टोबरनंतरची प्रत्येक नोंद तासाने चुकणार.

शनिवारी दुपारी तीनचा सामना आम्ही नागपुरात बसून थेट पाहतो, पण लंडनमधल्या भावाला तो टीव्हीवर दिसत नाही. हे कसं? (नागपूर)

युरोपीय फुटबॉल महासंघाच्या (युएफा) नियमावलीत कलम ४८ आहे. त्यानुसार प्रत्येक देशाला आठवड्याच्या अखेरीस अडीच तासांची अशी खिडकी ठरवता येते, जिच्यात थेट फुटबॉल दाखवायचं नाही. इंग्लंडने शनिवार, २.४५ ते ५.१५ निवडली आहे. मोठा सामना घरबसल्या दिसला तर खालच्या विभागांची मैदानं ओस पडतील, ही १९६० च्या दशकातली भीती; बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी ती लावून धरली. भारताला हे बंधन लागू नाही.

या नियमाचा दुसरा परिणाम मात्र कुणी ठरवून केला नव्हता. तीनला दाखवता येत नाही, म्हणून जो सामना दाखवायचा तो तीनवरून हलवायचा. २०२५ ते २०२९ या चार मोसमांचे ब्रिटनमधले हक्क ६.७ अब्ज पौंडांना गेले आणि ३८० पैकी किमान २६७ सामने दाखवायचं ठरलं. म्हणजे तीन वाजता उरतात जेमतेम ११३. पूर्वी मोठ्या क्लबांचे चाहतेच हैराण व्हायचे, आता रविवारी दोनच्या सगळ्या सामन्यांवर कॅमेरा असल्याने लहान क्लबांचेही होतात. २०२५ च्या २६ डिसेंबरला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलचाच मानलेल्या दिवशी, प्रीमियर लीगचा फक्त एक सामना झाला.

आणि आपणही नामानिराळे नाही. दुपारी साडेबाराची वेळ आशियातल्या संध्याकाळच्या प्रेक्षकांना सोयीची आहे, हे गुपित नाही. स्पेनमध्ये २३ डिसेंबर २०१७ चा रेआल माद्रिद–बार्सिलोना सामना तिथल्या दुपारी एक वाजता ठेवला, तो इथे संध्याकाळी साडेपाचला आरामात दिसला. माद्रिदमधल्या लोकांची जेवणाची वेळ त्यात गेली.

फातोर्ड्याला एफसी गोवाचे सामने पाहायला येतो. रात्रीच्या सामन्यानंतर परतायचे वांधे होतात. (सावंतवाडी)

साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊच्या सुमारास संपतो. सावंतवाडी तिथून सुमारे ९० किलोमीटर, आणि त्या वेळी कदंबच्या बस विरळ झालेल्या असतात. बसचा भरवसा धरायचा असेल, तर संध्याकाळी पाचचे सामनेच निवडा. साडेसातच्या सामन्याला चार-पाच जणांनी मिळून गाडी करा आणि गाडी मैदानालगत न लावता थोडी लांब, बाहेर पडायच्या रस्त्याकडे तोंड करून लावा. सुटताना तेवढीच वीस मिनिटं वाचतात. साडेसातची वेळ टीव्हीची खरी, पण आपल्याकडे उकाड्याचंही कारण त्यात आहे, खेळाडूंना पाचपेक्षा ती बरी. आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) पूर्ण वेळापत्रक हाती आल्याशिवाय मोसमाचे बेत आखू नका. २०२५-२६ चा मोसम व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने आधीच अडकला होता.

चाहत्यांनी विरोध करून कधी काही बदललंय का, की नुसता आरडाओरडा? (कोल्हापूर)

बदललंय, जर्मनीत. २०१७-१८ पासून बुंडेसलीगाने मोसमाला पाच सामने सोमवारी ठेवले. १९ फेब्रुवारी २०१८ ला फ्रँकफुर्टमध्ये लायप्झिगविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकली, खेळ थांबला. पुढच्या सोमवारी डॉर्टमुंडमध्ये ८१ हजारांच्या मैदानात ५४ हजारांच्या आसपास लोक आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लीगने सोमवार सोडायचं कबूल केलं आणि २०२१-२२ पासून ते सामने बंद झाले.

हे जमलं त्याची कारणं नीट पाहा. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांनी एकच मागणी धरली, आणि तीही नेमकी: सोमवार नको. विरोध कॅमेऱ्यासमोर झाला, रिकाम्या जागा आणि चेंडू प्रक्षेपणातच दिसले, म्हणजे विकत घेतलेला मालच खराब दिसू लागला. सर्वांत महत्त्वाचं, तिथल्या ‘५०+१’ नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांच्या हाती असतं. लीगच्या बैठकीत मत देणाऱ्या क्लबाला घरी जाऊन याच सदस्यांना तोंड द्यावं लागतं. इंग्लंडमधले क्लब मालकांचे आहेत, तिथे हा दट्ट्या नाही. म्हणून तिथल्या संघटना वेळ बदलूच नका असं न म्हणता लवकर सांगा म्हणतात, आणि काही ठिकाणी ते पदरात पडलंय: प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांत २०२४-२५ च्या नव्या करारापासून जानेवारीतल्या एफए कपच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचे टीव्हीचे सामने मोसम सुरू होण्याआधीच जाहीर होतात. पैसे देणारी वाहिनी तीच, सामनेही पूर्वीपेक्षा जास्त. तरी जमलं. तेव्हा वरच्या विभागात सहा आठवड्यांच्या पुढे जाता येत नाही, हे कारण फारसं पटण्यासारखं नाही.