'शास्त्रीय कारण' आणि आजीचं 'शास्त्र'

एका पालकांनी विचारलं आहे : "मुलाच्या विज्ञानाच्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' असा प्रश्न असतो. आणि गणपतीला एकवीसच दुर्वा का, असं त्याने विचारलं की आजी म्हणते, 'शास्त्र आहे.' मग खरं शास्त्र कोणतं?"

दोन्ही खरी. त्यातही आजीचा हक्क जुना.

'शास्' या संस्कृत धातूपासून शास्त्र आलं. शासन, अनुशासन आणि शिष्यसुद्धा याच घरातले. शास् म्हणजे आज्ञा करणं, शिकवणं. ज्याने शिकवलं जातं, नेमून दिलं जातं, ते शास्त्र. व्युत्पत्तीत देव कुठेच नाही. म्हणून तर पाकशास्त्र, नाट्यशास्त्र, अर्थशास्त्र, कामशास्त्र असा सगळा गोतावळा सुखाने नांदतो. विषयाचे नियम बांधले की झालं शास्त्र. धर्माचे बांधले ते धर्मशास्त्र. घरगुती बोलण्यात त्यातला 'धर्म' गळाला आणि उरलं ते आजीचं शास्त्र.

नव्या विद्या आल्या तेव्हा नावापुढे जोडायला हा शब्द आयताच होता : रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र. 'शास्त्री' मात्र आधीच धर्माच्या बाजूला बसलेले. रामशास्त्री प्रभुणे शास्त्री, सी. व्ही. रामन शास्त्रज्ञ. रामनना शास्त्री म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं.

पण धातूतली आज्ञा आजीच्या शास्त्रात अजून जिवंत आहे. 'शास्त्र आहे' हे 'का?'चं उत्तर नव्हे. पुढे विचारू नकोस, असा त्याचा अर्थ. परीक्षेतलं 'शास्त्रीय' नेमकं उलटं : काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये का फुटते, ते सांगच. एकच शब्द एकीकडे दार लावतो, दुसरीकडे उघडतो. तुमच्या मुलाला खटकलं ते हेच, आणि पोरगं हुशार आहे.

ज्योतिषाची गोष्ट तर याहून मजेची. शं. बा. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालचा. त्यात मुख्यतः ग्रहगणिताचा, म्हणजे ग्रहांच्या गती मोजण्याच्या विद्येचा, इतिहास आहे. आज मात्र ज्योतिषशास्त्र म्हटलं की पत्रिका डोळ्यांसमोर येते, आकाशाचा अभ्यास खगोलशास्त्राकडे गेला. पुढे २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम काढायचं ठरवलं, तेव्हा नाव दिलं 'ज्योतिर्विज्ञान'. शास्त्र या शब्दाची पत पुरेना, म्हणून विज्ञानाची उसनी घेतली, असं मला वाटतं.

आता 'विज्ञान' तरी सोवळ्याबाहेरचं आहे का? तेही नाही. गीतेच्या सातव्या अध्यायाचं नावच ज्ञानविज्ञानयोग. तिथे शंकराचार्य विज्ञान म्हणजे स्वानुभव असा अर्थ लावतात. अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, वेगळं सांगतो : मोक्षाविषयीची बुद्धी ते ज्ञान, शिल्प आणि शास्त्र यांतली ती विज्ञान. ज्ञानेश्वर अमराच्या जवळ आहेत : 'अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान ।' प्रपंचाचं, म्हणजे दिसणाऱ्या जगाचं, ते विज्ञान. आजच्या अर्थाला इतकं चपखल की टाळी द्यावी. पण माउली लगेच पुढे म्हणतात, 'तेथ सत्यबुद्धि तें अज्ञान', म्हणजे प्रपंचालाच खरं मानलंत तर ते अज्ञान. घ्या!

तर वापराचं काय? मी लिहिताना जिथे घोटाळा होईल तिथे 'वैज्ञानिक' लिहितो. शास्त्रज्ञ तसाच ठेवतो, तो आता कोणी पंडित समजत नाही. आणि 'शास्त्रीय संगीत'वाल्यांना यात ओढू नये, त्यांची भांडणं निराळी आहेत.

जाता जाता आजीच्याच तोंडचा आणखी एक प्रयोग : 'शास्त्रापुरतं घे.' पोट भरलेलं असताना पानात वाढलेला तो एवढासा घास. इथे शास्त्र म्हणजे आज्ञाही नाही आणि कारणही नाही, फक्त नावाला. आजीच्या 'शास्त्र आहे'वर मुलगा पुन्हा 'का?' म्हणाला, तर एकवीस दुर्वांऐवजी शास्त्रापुरत्या पाच वाहू द्या. बहुतेक आजी त्याला तयार होते.