पडद्यावरील मजकुराची सुवाच्यता तपासताना

मजकूर नीट वाचता येतो की नाही, हे केवळ स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून ठरवू नये, कारण तो आधीच ठाऊक असलेल्या माणसाला पुसट अक्षरेही स्पष्ट भासतात. प्रथम अक्षराची उंची पाहावी. तिने डोळ्याशी केलेला कोन साधारण २० ते २२ मिनिटांचा (१ अंश म्हणजे ६० मिनिटे) असावा, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून ती ३.५ ते ३.८ मिलिमीटर भरते. हे माप प्रत्यक्ष पडद्यावर पट्टी लावूनच घ्यावे, कारण तेवढेच पिक्सेल निरनिराळ्या पडद्यांवर लहानमोठे दिसतात. साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ हे कॉन्ट्रास्टचे (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे) गुणोत्तर वेब सुलभतेच्या निकषांत दिलेले आहे, मात्र पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचा त्यात केवळ एक ठरावीक अंदाज धरलेला असतो, प्रत्यक्ष जागेवरचा उजेड नव्हे.

देवनागरीची खरी परीक्षा बारीक अवयवांत होते. ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांना वेगळे करणारी शिरोरेषेतील फट लहान आकारात बुजते, अनुस्वार वेलांटीत मिसळतो आणि ‘द्ध’, ‘द्व’ एकसारखे दिसू लागतात. म्हणूनच वाचकांना अर्थहीन अक्षरसमूह वाचायला द्यावेत, असा माझा आग्रह आहे. अर्थपूर्ण वाक्यात न दिसलेले अक्षर ते संदर्भाने भरून काढतात आणि दोष झाकला जातो. वाचनाला लागलेल्या वेळेबरोबरच कोणत्या अक्षराऐवजी कोणते वाचले गेले, हेही नोंदवावे.