रेडिंगच्या जुन्या पत्त्यावर गेलेल्या पार्किंगच्या दंडाचं २६० पौंडांचं सीसीजे (थकलेले पैसे भरण्याचा काउंटी कोर्टाचा निकाल) क्रेडिट रिपोर्टवर दिसतंय. बायकोबरोबर घर घ्यायचंय, आता भरून टाकलं तर रेकॉर्ड साफ होईल का?

निकालाच्या तारखेपासून एक महिना उलटला नसेल तर हो. उलटला असेल तर नाही, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तो बहुधा कधीच उलटलाय. म्हणून घाईघाईने पैसे भरण्याआधी हे वाचा. मी इथे इंग्लंडमध्ये कर्जविषयक सल्ला केंद्रात संध्याकाळी मदतीला बसतो. घर बदललं, पत्र जुन्या घरी गेलं, निकाल एकतर्फी लागला, ही कहाणी तिथे सारखी ऐकायला मिळते.

काउंटी कोर्टाचा असा निकाल लागला की त्याची नोंद रजिस्ट्री ट्रस्टच्या सार्वजनिक रजिस्टरमध्ये होते. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या ती तिथून उचलतात. नोंद निकालाच्या तारखेपासून ६ वर्षं राहते. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर ती काढून टाकता येते. त्यानंतर भरली तर नोंद तशीच राहते, फक्त तिच्यापुढे 'सॅटिस्फाइड' असा शेरा लागतो. त्या शेऱ्यालाही किंमत आहे, कारण न फेडलेलं सीसीजे पाहिलं की मॉर्गेजवाले (गृहकर्ज देणारे) बहुतेक दारातूनच परत पाठवतात. पण शेरा म्हणजे सुटका नव्हे.

रक्कम लहान आहे म्हणून नोंदही किरकोळ धरली जाईल, असं समजू नका. काही लेंडर ठरावीक रकमेच्या आतली, फेडलेली आणि जुनी नोंद सोडून देतात. मोठ्या बँकांचं मात्र पहिलं लक्ष तारखेकडे असतं. गेल्या वर्षभरातला निकाल असेल तर २६० पौंड असोत की २६०० पौंड, पुष्कळ ठिकाणी उत्तर एकच मिळतं. वेगळे लेंडर मिळतात, पण त्यांचा व्याजदर बघून घराचा आनंद निम्मा होतो.

तुमच्या बाबतीत खरा रस्ता आहे निकाल रद्द करून घेण्याचा, म्हणजे 'सेट असाइड'चा. तो झाला की नोंदच जाते. त्यासाठी एन२४४ फॉर्म भरायचा. फी तीनशे पौंडांच्या आसपास असते, म्हणजे मूळ रकमेपेक्षा जास्त, आणि इथेच बरेच जण चिडून सोडून देतात. उत्पन्न कमी असेल तर फीमाफी मागता येते. कोर्ट मुख्यतः दोन गोष्टी बघतं: दाव्याला देण्यासारखं काही उत्तर तुमच्याकडे आहे का, आणि कळल्याबरोबर तुम्ही अर्ज केला का. 'पत्र मिळालंच नाही' एवढंच सांगून भागेल असं धरून चालू नका. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र कायद्याने पोचलेलं धरलं जाऊ शकतं. तुम्ही तिथे राहत नाही असं वाटण्याजोगं काही पार्किंग कंपनीकडे होतं, उदाहरणार्थ परत आलेली पाकिटं, तरच तुमची बाजू जड होते. म्हणून नवा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, पार्किंगची पावती, त्या दिवशीचे फोटो, जे असेल ते आजच गोळा करा. दोन महिने विचार करत बसलात तर तोच उशीर तुमच्याविरुद्ध जाईल.

मधला मार्गही आहे. कंपनीशी बोलून पैसे देण्याच्या बदल्यात संमतीने निकाल रद्द करायला ती तयार होते का ते विचारा. तेव्हा अर्जाची फी बरीच कमी पडते. अर्थात शेवटचा शब्द कोर्टाचाच. पैसे हातातून सोडण्याआधी ही संमती लेखी घ्या, नंतर तुमचा फोन कोणी उचलणार नाही.

पत्ता कुठून गेला असेल? पार्किंग कंपन्या तो डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून घेतात. आपली माणसं लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि गाडीच्या लॉगबुकवरचा विसरतात. दोन्ही वेगळ्या नोंदी आहेत. तुमच्या व्ही५सीवर, म्हणजे लॉगबुकवर, अजून रेडिंगचंच घर असेल तर आधी ते बदला, नाहीतर पुढचं पाकीटही तिकडेच जाईल.

बायकोच्या फाइलवर तुमचं सीसीजे उतरत नाही. जॉइंट खातं किंवा कर्ज असेल तर तुम्हा दोघांची फाइल जोडलेली दिसते, आणि घर दोघांच्या नावाने घेताना लेंडर दोन्ही बघणारच. भारतातल्या सिबिलशी याचा संबंध नाही. पण ब्रिटिश नागरिकत्वाच्या फॉर्मवर कोर्टाच्या दिवाणी निकालांबद्दल विचारतात, तिथे खरं ते लिहा. लपवलेलं सीसीजे सांगितलेल्या सीसीजेपेक्षा महाग पडतं.

'स्कोअर दुरुस्त करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांकडे जाऊ नका. नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज आणि सिटिझन्स अॅडव्हाइस फुकट सल्ला देतात. निकालाची नेमकी तारीख इथे कळवलीत तर महिन्याचा हिशेब आणि अर्जात काय लिहायचं ते मी सांगू शकेन.