तुमचे प्रश्न : आयकियाच्या जाहिराती लक्षात का राहतात?

मागच्या अंकात आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या जाहिरातींवर लेख आला होता, त्यावर खूप मेल आणि मेसेज आले. त्यातले तीन प्रश्न इथे घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, लेखात उल्लेख होता ती लॅम्पची जाहिरात मी शोधून बघितली. शेवटी तो माणूस सरळ प्रेक्षकांनाच वेडं ठरवतो! गिऱ्हाइकाला असं बोलून माल कसा काय खपतो? (मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी, पुणे)

आधी ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. एक बाई टेबलावरचा जुना लाल लॅम्प प्लगमधून काढते, उचलून बाहेर नेते आणि रस्त्याच्या कडेला कचऱ्याजवळ ठेवून येते. रात्र होते, पाऊस सुरू होतो, मागे हळवं संगीत, आणि तो लॅम्प जणू खिडकीतून बघतोय की आत आपल्या जागी नवा लॅम्प लागलाय. आपला जीव कासावीस व्हायला लागतो तेवढ्यात पावसात भिजलेला एक माणूस समोर येतो आणि म्हणतो की तुम्हाला या लॅम्पची दया येतेय ना, तर तुम्ही वेडे आहात, त्याला भावना नसतात आणि नवा लॅम्प जास्त चांगला आहे. संपलं.

ही 2002 ची अमेरिकेतली जाहिरात, एजन्सी क्रिस्पिन पोर्टर प्लस बोगस्की, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ, आणि 2003 मध्ये तिला फ्रान्समधल्या कान इथल्या जाहिरातींच्या महोत्सवात (सिनेमाच्या नव्हे) ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तुम्ही शिकताय म्हणून मुद्दाम सांगते, पुन्हा बघाल तेव्हा कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. लॅम्पला डोळे काढलेले नाहीत, तोंड नाही, आवाज नाही, फक्त कॅमेरा त्याच्या उंचीवर आहे आणि त्याची मान वाकलेली आहे, एवढ्यावर आपण त्याला माणूस करून टाकतो. मग ते वाक्य येतं तेव्हा अपमान वाटत नाही कारण आपण पकडले गेलेलो असतो, खरंच आपल्याला एका लॅम्पची दया आलेली असते. कंपनीची अडचण अशी होती की अमेरिकेत लोक फर्निचर एकदा घेतलं की वर्षानुवर्षं बदलायचे नाहीत, चांगलं चाललंय तर कशाला टाकायचं, ही भावनाच विक्रीच्या आड येत होती. त्यांनी ती भावना आधी पूर्ण जागी केली आणि मग तिच्यावर बोट ठेवलं. कारागिरी म्हणून हे अफाट आहे.

पण तिचा संदेश मला पटत नाही, हे स्पष्ट सांगते. चालू स्थितीतली वस्तू रस्त्यावर टाकायला लोकांना शिकवणं चुकीचंच होतं, आणि मला वाटतं पुढे कंपनीलाही ते जाणवलं असावं कारण 2018 मध्ये कॅनडात त्याच लॅम्पचा पुढचा भाग आला, रीथिंक नावाच्या एजन्सीने केलेला. एक छोटी मुलगी तो टाकलेला लॅम्प उचलून घरी नेते, त्याला नवा एलईडी बल्ब लागतो, ती त्याच्या उजेडात खेळते वाचते. आणि तोच माणूस परत येऊन सांगतो की तुम्हाला या लॅम्पसाठी आनंद झाला असेल तर त्यात वेडेपणा काही नाही, वस्तू पुन्हा वापरणं केव्हाही चांगलं. सोळा वर्षांनी स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या जाहिरातीचा अर्थ उलटा करायला धाडस लागतं, त्यामुळे प्रोजेक्टसाठी घेणार असाल तर दोन्ही एकत्र घ्या, एकटी पहिली घेऊ नका.

प्रश्न : लघवी करून बघायची जाहिरात हा काय प्रकार आहे? क्रिएटिव्हिटीच्या नावाखाली काहीही चालतं का? (एक वाचक, नाशिक)

2018 च्या सुरुवातीला स्वीडनमधल्या अमेलिया या बायकांच्या मासिकात ती आली होती, एजन्सी ओकेस्टाम होल्स्ट. पानावर बाळाच्या पाळण्याचा फोटो आणि खाली एक पट्टी. बाई गरोदर असेल तर पट्टीवर लघवीचे थेंब पडल्यावर पाळण्याची सवलतीची किंमत लाल अक्षरांत उमटायची. केमिस्टकडे मिळणाऱ्या प्रेग्नन्सी टेस्टचंच तत्त्व, गरोदरपणात लघवीत येणारं एचसीजी हॉर्मोन ओळखणाऱ्या अँटिबॉडीज कागदावर बसवलेल्या. छापील कागदावर हे जमवायला एका लॅबबरोबर काम करावं लागलं होतं, म्हणजे मेहनत खरीच होती.

किळस मला वाटत नाही, घरोघरी बायका ती टेस्ट करतातच. माझा आक्षेप वेगळा आहे. किंमत कळावी म्हणून मासिकाच्या पानावर लघवी कोण करणार? ज्या बाईसाठी ती सवलत आहे तिच्या सोयीचा विचार त्यात कुठेच दिसत नाही, चर्चा व्हावी म्हणूनच ती केलीय असं मला वाटतं, आणि चर्चा झालीही.

याच्या शेजारी मी 2019 ची इस्रायलमधली धिसएबल्स मोहीम ठेवेन. मॅककॅन तेल अवीव एजन्सीतल्या एका कॉपीरायटरला, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याला, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे, सोफ्यातून उठणं, कपाटाचं दार उघडणं, लॅम्पचं बारीक बटण दाबणं या गोष्टी किती जड जातात हे तो रोज अनुभवत होता. मग आयकिया इस्रायलने अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बरोबर घेऊन आपल्याच फर्निचरला लावायचे जोडभाग तयार केले. सोफ्याची उंची वाढवणारे पाय, दारासाठी कोपराने ओढता येईल असं लांब हँडल, लॅम्पच्या बटणावर बसणारं मोठं बटण, आणि त्यांच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या फाइल नेटवर फुकट ठेवल्या. कुठल्याही देशातल्या माणसाने डाउनलोड करायच्या, प्रिंट करायच्या, आपल्या घरातल्या सोफ्याला लावायच्या. यालाही कानमध्ये ग्रां प्री मिळाला. इथे जाहिरात बघून माणूस खरंच उठून उभा राहू शकतो हो! मला यापेक्षा मोठी क्रिएटिव्हिटी माहीत नाही, आणि सुरुवात कुठून झाली तर एका माणसाला स्वतःच्या सोफ्यातून उठता येत नव्हतं तिथून.

प्रश्न : आमचं सोलापुरात फर्निशिंगचं दुकान आहे, चादरी, टॉवेल, पडदे, सोफा कव्हर. ऑनलाइन सोलापुरीच्या नावाने भलताच माल स्वस्तात विकला जातो. भाचा म्हणतो आयकियासारखी काहीतरी भन्नाट जाहिरात करू. पण आमच्यासारख्यांचं बजेट ते किती? (दुकानदार, सोलापूर)

दादा, बजेटचं टेन्शन घेऊ नका, त्यांच्या काही चांगल्या जाहिराती दिसायला अगदी साध्या आहेत. 2014 मध्ये सिंगापूरला त्यांनी छापील कॅटलॉगची जाहिरात केली त्यात एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो फक्त, नवीन गॅजेट असल्यासारखं पुस्तकाचं कौतुक करतो, केबल नको, चार्जिंग नको, 328 पानं आणि सगळी लगेच उघडतात. जगभर बघितली गेली ती.

तुमच्यासाठी मात्र 2017 चं उदाहरण नेमकं आहे. बालेन्सियागा या महागड्या फॅशन ब्रँडने 2145 डॉलरची निळी लेदर बॅग काढली, ती हुबेहूब आयकियाच्या 99 सेंटच्या निळ्या फ्राक्ता पिशवीसारखी दिसत होती. आयकियाने भांडण केलं नाही. पिशवीचा फोटो टाकला आणि खरी फ्राक्ता कशी ओळखायची ते लिहिलं : हलवून बघा, सळसळली तर खरी, मातीत टाका, मळली तर पाइपने धुवा, विटा भरा, पाणीसुद्धा भरा, घडी घालून पाकिटाएवढी होते का बघा, आणि किंमत बघा.

तुम्ही हेच करा ना. खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार, हातात घेतल्याबरोबर तुम्हाला कळतं की नाही? वजन, वीण, उलट्या बाजूला जकार्डची (मागावर विणतानाच काढलेली) नक्षी कशी दिसते, काठ कसा असतो, धुतल्यावर काय होतं, जे तुम्ही काउंटरवर गिऱ्हाइकाला रोज दाखवता तेच भाच्याला मोबाइलवर शूट करू द्या, एका व्हिडिओत एकच खूण. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी अधिकृत ओळख) आहे ते सांगा पण शेवटी सांगा, आधी हात चादरीवर दिसू दे. वापरून वापरून मऊ झालेली जुनी चादर एखाद्या गिऱ्हाइकाकडे असेल तर ती नव्या चादरीशेजारी ठेवून दाखवा, अशी वस्तू नकली माल विकणाऱ्याकडे असूच शकत नाही. मॉडेल, ड्रोन, भाड्याचा बंगला यातलं काही नको. दुसऱ्यांच्या मालाला नाव घेऊन नावं ठेवू नका, गरजच पडणार नाही. आणि किंमत पहिल्या फोटोवरच मोठ्या अक्षरात टाका, ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की बरेच लोक तिथूनच पुढे जातात.