उसळ बुधवारीच आंबते? आधी फ्रिजचं दार तपासा

ताई, रविवारी शिजवून ठेवलेली चवळी-मटकी बुधवारी आंबूस येते, बोटाला तार लागते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याही घरी अगदी हेच चाललं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. भिजवणं, मोड, शिट्ट्या यात जात नाही, ते तुम्हाला येतंच.

मला तरी शिजवण्यात खोट वाटत नाही, संशय फ्रिजवर आहे. आत ४ अंश किंवा त्याहून कमी असेल तर शिजलेलं कडधान्य ३-४ दिवस चांगलं राहतं. आतल्या बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत बरं का, बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की थंडावा वाढतो. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर (तापाचा नव्हे, फ्रिजचा) रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा.

आमच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने, नाव घेत नाही, हे साधं मोजमाप कधी केलंच नाही. माणूस आला, वर हात घालून म्हणाला, "बर्फ होतोय की, अजून काय पाहिजे?" पुन्हा तक्रार केली तर गॅस भरून पैसे घेऊन गेला. उसळ आंबायची ती आंबतच राहिली. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, सोलापूरचा उन्हाळा आहे." अहो, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो हे फ्रिज विकताना माहीत नव्हतं का? शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकने दाराचं रबर बदललं आणि प्रश्न मिटला. तुम्ही घरीच बघा: दारात नोट अडकवून बंद करा आणि ओढा. अलगद निसटली तर रबर सैल आहे.

दुसरं म्हणजे कुकर रात्रभर ओट्यावर नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरात डबा फ्रिजमध्ये गेला पाहिजे. पसरट भांड्यात काढून परातीतल्या गार पाण्यात ठेवलं की लवकर निवतं. "खाताना उकळलं की झालं" हे सासूबाईंचं मत मला पटत नाही. काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही. मी डॉक्टर नाही, पण वास आला की सरळ टाकून देते.

आठवडाभराचं करायचंच असेल तर निम्मं फ्रीजरला टाका. बिनफोडणीचं, एकेका जेवणापुरतं, शिजवलेल्या पाण्यासकट, आणि डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. उणे १८ अंशांना सहा महिनेही चालतं म्हणतात, पण एका दाराच्या फ्रिजचा वरचा कप्पा बहुधा तेवढा गार होत नाही. मी महिन्याच्या आत संपवते.

फ्रीजरसाठी चवळी जरा कच्चट ठेवली तर नंतर लगदा होत नाही. राजम्याला मात्र ही युक्ती लावू नका. कच्चट राजमा पोट बिघडवतो, तो पूर्ण शिजवूनच ठेवायचा.